प्राण्यांची बोधकथा लिहायची आहे? तात्पर्यापासून सुरुवात करू नका

बोधकथा लिहायला बसलेला नवखा लेखक बहुधा आधी तात्पर्य ठरवतो. ‘गर्वाचे घर खाली’, ‘अति तिथे माती’, ‘एकीचे बळ’ असं काहीतरी. मग त्याला साजेसे दोन प्राणी शोधतो, एकाला वाईट वागायला लावतो, दुसऱ्याकडून त्याची खोड मोडतो आणि खाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’ लिहून मोकळा होतो. अशा गोष्टीचा शेवट वाचणाऱ्याला दुसऱ्याच वाक्यात कळतो. लहान मुलांना तर आपल्याही आधी कळतो. फक्त ‘यातून काय शिकलात?’ या प्रश्नाला कोणतं उत्तर द्यायचं असतं हे त्यांना पाठ असतं, म्हणून ती बोलत नाहीत.

इथं क्रम उलटा ठेवला आहे. आधी वागणं, मग प्राणी, मग प्रसंग, आणि तात्पर्य सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर. दोनशे-अडीचशे शब्दांची गोष्ट एवढाच पल्ला धरायचा. वाटेत आपण एक गोष्ट रचूनही बघू.

लिहिण्याआधीचं वाचन

जुने तीन मोठे साठे हाताशी आहेत: पंचतंत्र, जातककथा आणि इसापच्या नावावर चालत आलेल्या गोष्टी. सगळं वाचायची गरज नाही. प्रत्येकातल्या पाच-सहा गोष्टी वाचा, पण त्या कशा रचल्या आहेत हे बघत वाचा.

पंचतंत्राची चौकट माहीत असेल. विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायचा विडा उचलतो आणि गोष्टींची पाच तंत्रं सांगतो: मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक. शाळेतल्या पुस्तकांमुळे आपल्याला वाटतं की ही सदाचाराची पुस्तकं. प्रत्यक्षात पहिल्याच तंत्रात दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो, बैलाचा जीव जातो आणि दमनक मानानं सिंहाशेजारी बसतो. पुढे ही कथा पहलवी या जुन्या इराणी भाषेतून अरबीत गेली. आठव्या शतकातल्या इब्न अल-मुकफ्फाच्या ‘कलीला व दिम्ना’मधले कलीला आणि दिम्ना म्हणजे आपलेच दमनक आणि त्याचा जोडीदार कोल्हा करटक. तिथं मात्र दिम्नाच्या खटल्याचं एक जादा प्रकरण आहे आणि कोल्ह्याला शिक्षा होते. लबाड सुटला तर बोध काय उरला, ही अस्वस्थता इतकी जुनी आहे. तुम्हालाही ती भेटणार आहे.

पालीतल्या जातककथा 547. त्यांची बांधणी नवख्या लेखकानं मुद्दाम बघावी अशी आहे. बहुतेक जातकाच्या सुरुवातीला वर्तमानातला एक प्रसंग येतो: कोणीतरी भिक्षू काहीतरी करून बसलेला असतो. बुद्ध म्हणतात, यानं हे आत्ताच केलं असं नाही, पूर्वीही केलं होतं. आणि मग प्राण्यांची गोष्ट सुरू होते. म्हणजे उपदेश सुचला म्हणून गोष्ट आली असं होत नाही. कोणाचं तरी वागणं दिसलं म्हणून ती आली.

इसाप हा सामोस बेटावरचा गुलाम होता असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. इसापच्या गोष्टी लॅटिन पद्यात आणणारा पहिल्या शतकातला फिड्रस हाही गुलामगिरीतून सुटलेला माणूस. गुलामाला मनातलं उघड बोलता येत नव्हतं म्हणून त्यानं या कथांचा आडोसा घेतला, असं फिड्रसनं लिहून ठेवलंय. मोठ्यांनी लहानांना दिलेला डोस एवढीच या प्रकाराची ओळख करून घेतली, तर त्याची निम्मी ताकद हातची जाते.

एक छोटा अभ्यास सुचवतो. घशात हाड अडकलेल्या श्वापदाची गोष्ट दोन्हीकडे आहे. इसापमध्ये करकोचा लांडग्याच्या घशात मान घालून हाड काढतो आणि बक्षीस मागतो. लांडगा म्हणतो, माझ्या जबड्यातून डोकं शाबूत बाहेर आलं, हे बक्षीस कमी आहे का? जवसकुण जातकात लांडग्याच्या जागी सिंह आहे आणि करकोच्याच्या जागी सुतारपक्षी. हा पक्षी आधी सिंहाच्या जबड्यात आडवी-उभी बसेल अशी काडी ठेवतो, जबडा मिटणार नाही याची खात्री करतो आणि मगच आत शिरतो. एका काडीनं पक्ष्याचा सगळा स्वभाव बदलला. करकोचा भोळा होता. हा समोरच्याला ओळखून असलेला आहे, आणि तरी मदत करतो. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्यात तर तपशील काय काम करतो हे लगेच दिसेल.

पहिली पायरी: वागणं पकडा

‘खरं बोलावं’ यातून गोष्ट निघत नाही. ‘लोभ वाईट’ यातूनही नाही. यांतून काढलेली गोष्ट सगळ्यांनी आधी वाचलेली असते. त्याऐवजी माणसांचं एखादं बारीक वागणं शोधा, ज्याचं एका वाक्यात वर्णन करता येईल आणि ज्यात कोणीतरी काहीतरी करतं. सल्ला दहा जणांना विचारायचा आणि ऐकायचं स्वतःचंच. दुसऱ्याची चूक सापडली की आपली झाकली गेली असं समजायचं. भांडण मिटवायला जायचं आणि दोघांकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगून यायचं.

तुमच्या वाक्यात गर्व, आळस, मत्सर अशी नुसती नावं आली असतील तर ते खोडा आणि पुन्हा लिहा.

आणखी एक प्रश्न इथंच सोडवून घ्या: हे वागणाऱ्याला त्यातून मिळतं काय? वाईट वागण्यालाही काहीतरी चव असते, म्हणून तर माणसं तसं वागतात. ती चव तुम्हाला कळली नाही तर तुमचा कोल्हा नुसता ‘दुष्ट कोल्हा’ होतो. आपण आपल्या गोष्टीसाठी हे वागणं घेऊ: एकदा मदत करायची आणि मग ती बोलून बोलून दाखवायची. यातली चव उघड आहे. एका दिवसाचं मोठेपण रोज वापरता येतं.

दुसरी पायरी: प्राणी निवडा

इथं सर्वात जास्त वेळ घालवा.

प्राणी दोन गोष्टी फुकट देतो, लौकिक आणि शरीर. लौकिक म्हणजे कोल्हा धूर्त, बगळा ढोंगी, गाढव ओझ्याचं. ‘एक कोल्हा होता’ म्हटलं की तीन वाक्यांचं वर्णन वाचतं. नवखे लेखक फक्त लौकिकावर चालतात आणि म्हणून त्यांच्या जंगलात कोल्हा, ससा, सिंह आणि कावळा सोडून कोणीच राहत नाही.

शरीर जास्त मोलाचं. हंस काठीची दोन टोकं धरतात, कासव मधे तोंडानं लटकतं आणि खालच्या लोकांना उत्तर द्यायला तोंड उघडतं. या गोष्टीत उडता न येणं, तोंडानंच धरावं लागणं आणि बोलायची खोड या तिन्ही गोष्टी एका शरीरात येऊन मिळाल्या आहेत. कासवाच्या जागी माणूस घाला, गोष्ट तिथंच संपते. तुमच्या गोष्टीला हीच कसोटी लावा. प्राणी काढून ‘रमेश’ आणि ‘सुरेश’ घातले आणि काहीच बिघडलं नाही, तर प्राणी नुसते मुखवटे घालून आलेत.

म्हणून प्राण्यांच्या खऱ्या सवयी शोधा. आपल्या गोष्टीसाठी मला वानर आणि चितळ सापडले. जंगलात ही जोडी खरोखर असते. वानर झाडावर अर्धवट खाऊन पानं-फळं खाली टाकतात, ती चितळं खातात. वानरांना उंचावरून लांबचं दिसतं. चितळांची नाकं तीक्ष्ण. बिबट्या-वाघाची चाहूल लागली की एकाच्या हाकेनं दुसरा सावध होतो. उपकार करणारा आणि घेणारा असे दोन कप्पे इथं नाहीतच, दोघंही दोन्ही आहेत. आपल्या वानराला नेमकं हेच दिसत नाही. ही जोडी सापडली आणि गोष्ट जवळजवळ झालीच.

ताकदीचं प्रमाणही बघा. लांडगा आणि कोकरू समोरासमोर आले की कोण कोणाला खाणार हे सांगावं लागत नाही. वाचकाचं लक्ष ते कसं होतं याकडे जातं. बरोबरीचे प्राणी घेतलेत तर शेवट मोकळा राहतो.

पात्रं दोन पुरेत. तिसरं हवंच असेल तर आणा, चौथं नको. नावं शक्यतो देऊ नका. पंचतंत्रातल्या गंगदत्त बेडकाला नाव शोभतं कारण तिथं ऐसपैस जागा आहे. दोनशे शब्दांत ‘चिंटू ससा’ नुसता गोड होतो, आणि गोडवा बोधकथेला मारक असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

एक खबरदारी मात्र घ्या. प्राण्याला एखाद्या समाजाची बोली, पेहराव किंवा आडनाव चिकटवू नका. गोष्ट तिथंच संपते आणि टोमणा सुरू होतो.

तिसरी पायरी: प्रसंग

एक जागा, एक इच्छा, एक कृती आणि तिचा एक परिणाम. कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट तीन-चार वाक्यांची आहे आणि तिच्यात हे सगळं आहे.

परिणाम कृतीतूनच निघाला पाहिजे. उर्मट हरणाला ऐनवेळी कुठूनतरी आलेल्या शिकाऱ्यानं मारलं, तर त्यातून एवढंच कळतं की लेखकाला ते हरीण आवडत नव्हतं. वीज पडणं, पूर येणं, झाडाची फांदी नेमकी त्याच वेळी मोडणं, हे सगळं याच जातीचं. शेवटी ज्या गोष्टीची गरज पडणार, ती सुरुवातीला सहज दिसेल अशी पेरून ठेवा.

चौथी पायरी: बोलणं

बोधकथेत वर्णनाला जागा नसते, संवादाला असते. लांडगा आणि कोकरू पुन्हा काढून वाचा. लांडगा म्हणतो, तू माझं पाणी गढूळ केलंस. कोकरू म्हणतं, मी तर खालच्या अंगाला आहे, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येतंय. बरं, मग सहा महिन्यांपूर्वी तू मला शिव्या दिल्यास. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तर मग तुझ्या बापानं दिल्या असतील! आणि लांडगा त्याला खाऊन टाकतो. कोकराचं प्रत्येक उत्तर बिनतोड आहे आणि एकाचाही उपयोग नाही. ‘जुलमी माणसाला निमित्त लागतं’ असं वाक्य कोणी उच्चारत नाही, तरी ते आपल्याला कळलेलं असतं.

यावरून शिकायचं ते असं की प्रत्येक पात्राला त्याच्या बाजूनं शहाणपणाचं वाटेल असंच बोलायला लावा. ‘मी खूप गर्विष्ठ आहे, मला कोणाची गरज नाही’ असं जगात कोणीच म्हणत नाही.

आता आपली गोष्ट.

तळ्याकाठी एक मोठं झाड होतं. वर वानर राहायचा, खाली चितळांचा कळप चरायचा. वानर अर्धी पानं खायचा, अर्धी टाकायचा. टाकलेली चितळं खायची. वर डोळे होते, खाली नाकं होती. त्यामुळे बिबट्याचा डाव सहसा साधत नसे.

एकदा वानराला लांब गवतात ठिपके हलताना दिसले. तो ओरडला. कळप उधळला, बिबट्या हात हलवत परत गेला.

“तुझ्यामुळे वाचलो,” म्हातारी चितळीण म्हणाली.

“वाचलात खरं,” वानर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोणी काही बोललं नाही, तेव्हा त्यानंच विषय काढला. “काल मी ओरडलो नसतो तर?”

मग ते रोजचंच झालं. पाडसानं पानाला तोंड लावलं की वरून आवाज यायचा, “खा, खा. मी होतो म्हणून खातोयस.” नवं चितळ कळपात आलं की त्याला ती हकीकत ऐकावी लागायची. तिच्यातला बिबट्या दर वेळी थोडा मोठा झालेला असायचा.

“तुझे उपकार किती दिवस फेडायचे ते एकदा सांगून टाक,” चितळीण म्हणाली.

“मी कुठं मोजतोय?” वानर म्हणाला. “मी फक्त आठवण करून देतो.”

दुसऱ्या दिवशी झाडाखाली कोणी नव्हतं. कळप पलीकडच्या काठावर, काटेरी झुडपांत चरत होता. तिथं पानं कमी होती.

दुपारी वानराला तहान लागली. तो खालच्या फांदीवर आला. रोज तो उतरण्याआधी चितळांकडे बघायचा. ती निवांत चरत असली की खाली उतरायचा. आज समोर नुसतं उंच गवत होतं आणि ते हलत होतं. वाऱ्यानं की आणखी कशानं, हे वरून कळेना. पाण्याकडे बघत तो फांदीवरच बसून राहिला.

काही जागा मुद्दाम बघा. ‘वर डोळे होते, खाली नाकं होती’ हे वाक्य शेवटासाठी पेरलेलं आहे. ते काढलं तर वानर का बसून राहिला हे समजणार नाही. ‘मी फक्त आठवण करून देतो’ हे त्याला मनापासून खरं वाटतं. आणि बिबट्यानं वानराला खाल्लेलं नाही. खाल्लं असतं तर वाचक ‘बरं झालं’ म्हणून पान उलटतो. तहानलेला वानर त्याच्या डोक्यात जरा जास्त वेळ राहतो.

पाचवी पायरी: तात्पर्याचं काय करायचं

तात्पर्य लिहिण्याच्या चार जागा आहेत. सुरुवातीला, शेवटी, एखाद्या पात्राच्या तोंडी, किंवा कुठंच नाही. फिड्रस पुष्कळदा आधीच सांगून टाकतो आणि मग गोष्ट सांगतो. पंचतंत्रात पात्रंच बोलता बोलता श्लोक म्हणतात. गंगदत्ताच्या गोष्टीतलं ‘बुभुक्षितः किं न करोति पापम्’ (भुकेला कोणतं पाप करत नाही?) असंच तिथून सुटून बाहेर आलं आणि स्वतंत्रपणे फिरू लागलं.

शेवटी तात्पर्य लिहिण्यातली अडचण अशी की गोष्ट तुमचं ऐकतेच असं नाही. फ्रेंच कवी ला फोंतेनच्या बोधकथांचा पहिला संग्रह 1668 मध्ये आला आणि तो फ्रान्समध्ये मुलांकडून पाठ करून घेऊ लागले. 1762 मध्ये तत्त्वज्ञ रूसोनं ‘एमील’ या शिक्षणावरच्या ग्रंथात त्यातली कावळा आणि कोल्ह्याची कथा ओळ न् ओळ सोलून काढली. कोल्हा कावळ्याच्या आवाजाची स्तुती करतो, कावळा गायला चोच उघडतो, चीज खाली पडतं. स्तुतीला भुलू नका, हा त्याचा बोध. रूसो म्हणतो, मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर खूश होतात. म्हणजे ती शिकतात काय? गोड बोलून दुसऱ्याचं काढून घ्यायला. मुंगी आणि नाकतोड्याच्या प्रकारातल्या गोष्टीतही मुलं मुंगीची बाजू घेतात आणि दाराशी आलेल्याला टोमणा मारून हाकलायला शिकतात, असं त्याचं म्हणणं. मुलांना या कथा देऊच नयेत इथपर्यंत तो जातो. तिथपर्यंत मी जाणार नाही, पण त्याचा सवाल प्रत्येक बोधकथेला विचारावा: वाचणाऱ्याला यातलं कोण व्हावंसं वाटेल?

जर्मन लेखक लेसिंगनं 1759 मध्येच हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला होता. त्याच्या गोष्टीत कावळ्यानं पळवलेलं मांस एका माळ्यानं शेजाऱ्याच्या मांजरांसाठी विष घालून ठेवलेलं असतं. कोल्हा नेहमीसारखी स्तुती करतो, कावळा खूश होऊन मांस खाली टाकतो, कोल्हा खातो आणि मरतो. कथा तीच, पण आता कोल्हा व्हावंसं कोणालाच वाटणार नाही. मला ही युक्ती थोडी ओढूनताणून वाटते, कारण विष कोल्ह्याच्या कृतीतून आलेलं नाही. तरी जुनी गोष्ट घेऊन तिचा एकच धागा बदलायचा, हा सराव नवख्यांसाठी फार चांगला. फक्त जुनी कथा घ्या, तिचं दुसऱ्या कोणीतरी अलीकडे केलेलं शब्दांकन उचलू नका.

आपल्या वानराच्या गोष्टीखाली काय लिहाल? ‘उपकार बोलून दाखवू नये’ हे चालेल. ‘आपण ज्याला मदत करतो तोही आपल्या कामी येत असतो’ हेही चालेल. कोणी म्हणेल, ‘ओझं झालेल्या मदतीपेक्षा काटेरी झुडूप परवडलं’. तिन्ही बरोबर आहेत, आणि एक लिहिलं की उरलेली दोन वाचकाच्या हातून काढून घेतली जातात. म्हणून मी काहीच लिहिणार नाही. मात्र अगदी लहान मुलांसाठी लिहीत असाल, किंवा एखाद्या कामाच्या सूचनेसोबत ही गोष्ट द्यायची असेल, तर एक ओळ खुशाल लिहा. ती गोष्टीत न आलेल्या शब्दांत लिहू नका, एवढंच.

मोठ्यानं वाचा, मग ऐकवा

लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा. जिथं श्वास अडखळतो तिथं विशेषण बसलेलं असतं. बहुधा ते काढता येतं. ‘खूप खूप वर्षांपूर्वी एका घनदाट जंगलात’ हेही काढून बघा.

मग कोणाला तरी ऐकवा, मूल असो की मोठं माणूस. ‘काय शिकलात?’ असं विचारू नका. ‘तुला कोणाचा राग आला?’ आणि ‘पुढं काय झालं असेल?’ हे दोन प्रश्न विचारा. वानराची गोष्ट ऐकून कोणी म्हणालं की चितळं कृतघ्न आहेत, तर चिडू नका. संवाद तपासा, वानराच्या तोंडी एखादं जास्त गोड वाक्य गेलं असेल, किंवा चितळिणीचं ‘तुझ्यामुळे वाचलो’ ऐकणाऱ्याच्या कानावरून निसटलं असेल. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना राग एकाच चुकीच्या प्राण्याचा आला, तर ऐकणारे ठीक आहेत आणि गोष्ट दुरुस्त करायची आहे. तेव्हा तात्पर्य जोडून सावरायचा मोह होतो. तसं न करता दुसऱ्या पायरीवर परत जा आणि प्राण्यांपासून पुन्हा सुरुवात करा.